खंडेनवमीला निघालेली फटफटी

मला त्या इंजिनाचा पहिल्या दिवसापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यामुळे आता हिला शहाणपण सुचतंय, असं कुणी म्हणू नये. दादाने ते कुर्ल्याच्या भंगार बाजारातून गोणपाटात गुंडाळून आणलं आणि आमच्या एका खोलीच्या मधोमध, आई भाकऱ्या थापायला बसायची त्याच जागी, धपकन ठेवलं. शेतात औषध फवारायच्या पंपाचं इंजिन होतं ते. असोल्या नारळाहून जरा मोठं. त्याला एक उग्र वास होता, पेट्रोलचा नव्हे, पिकावर मारायच्या औषधाचा. खोबरेल तेलाने पुसलं, रॉकेलने धुतलं, तरी तो वास जाईना. आईने त्या दिवशी आम्हाला पानं बाहेर पडवीत वाढली.

मी दादाला म्हटलं, विषाचं भांडं घरात आणलंस. तो हसला. म्हणाला, विष कसलं, ही आता आपली स्कूटर आहे.

स्कूटर हा त्या काळात स्वप्नात बघायचा विषय होता. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं, लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी नंबर लागायचा नाही. दादा तेव्हा मुलुंडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता. आम्ही विक्रोळीला, पूर्वेला, खाडीच्या अंगाला एका बैठ्या चाळीत राहायचो. त्याला रोज दोन बसगाड्या बदलून जावं लागायचं आणि दुसरी बस हमखास चुकायची. त्यामुळे सायकलला इंजिन बसवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. त्याच्या वर्कशॉपमधल्या कुणीतरी तसं केलेलं त्याने पाहिलं होतं.

आमचे बाबा मोठ्या कंपनीत टूलरूमला फिटर होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. आणि त्या कंपनीत तेव्हा अशी पद्धत होती, की बाप निवृत्त झाला की त्याच्या जागी मुलाला घ्यायचे. लेखी काही नव्हतं, पण घ्यायचे. फक्त कंपनीचा डॉक्टर तपासायचा. उघडं करून उभं करायचा, हातपाय वाकवून बघायचा, डोळे बघायचा. त्यात पास झालं की जन्माचं कल्याण. म्हणून आमच्या घरात दादाच्या हातापायांना फार जपायचे. तो क्रिकेट खेळायला गेला तरी आई दारात. बोट कापलं तरी आई हळद घेऊन मागे. "हातपाय धड ऱ्हवांदे रे म्हाराजा," हे तिचं संध्याकाळचं गाऱ्हाणं असायचं, देवापुढे दिवा लावताना. मला या सगळ्याचा वैताग यायचा. माझ्या हातापायांसाठी कुणी गाऱ्हाणं घातलेलं मला आठवत नाही.

आणि अशा या घरात दादा इंजिन घेऊन आला.

मला वाटलं होतं, बाबा ते उचलून नाल्यात टाकतील. पहिले दोन-तीन दिवस ते त्याच्याकडे बघतही नव्हते. मग एका रविवारी दादा मागच्या गल्लीत बसून ते उघडत होता, तर बाबा चहाचा कप हातात घेऊन तिथे जाऊन उभे राहिले. नुसते उभे. थोड्या वेळाने म्हणाले, अरे तो पान्हा असा नाही धरायचा. झालं. संध्याकाळपर्यंत बापलेक दोघंही कोपरापर्यंत काळे. आई मला म्हणाली, "बघ गो, म्हातारो पण खुळावलो."

सायकल बाबांचीच होती, काळी, अठ्ठावीस इंची, पुढेमागे सळयांचे ब्रेक असलेली. त्यांनी मागच्या चाकावर एक लोखंडी पट्टी बसवली, दाराला बिजागरी असते तशी खालीवर होणारी. त्या पट्टीवर इंजिन. इंजिनाच्या टोकाला एक खरबरीत रोलर. हँडलपाशी एक दांडी होती. ती ढकलली की पट्टी खाली यायची, रोलर टायरवर दाबून बसायचा आणि चाक फिरवायचा. दांडी ओढली की रोलर वर, आणि मग ती साधी सायकल. गिअर नाही, किल्ली नाही, काही नाही. पायडल मारत वेग घ्यायचा, दांडी ढकलायची, इंजिन दोनदा खोकायचं आणि मग फट्-फट्-फट् करत सुटायचं. सगळी चाळ बाहेर यायची बघायला. दादा म्हणायचा, झकास ना? आणि खरं सांगायचं तर झकासच होतं.

एकदा मीही तिच्यावर बसले. म्हणजे त्याने बसवलं. इंजिनामुळे कॅरिअर गेलं होतं, म्हणून पुढच्या दांडीवर. आम्ही मिठागरांच्या बाजूने गेलो. तिथे बांधावरून एक कच्चा रस्ता होता, दोन्हीकडे पाणी साठवलेलं, पांढरे ढीग, माणूस नाही काणूस नाही. वारा असा तोंडावर आला की माझे डोळे भरले. मी ओरडत होते, दादा हसत होता. आणि मागून कट् असा आवाज झाला. लहानसाच. दादाचं हसू थांबलं. त्याने हँडलपाशची दांडी ओढली, पाय खाली टेकवले आणि आम्ही धडपडत थांबलो.

वळून बघितलं तर पट्टीचा एका बाजूचा नट गायब. इंजिन त्या बाजूने कललेलं, चाकाच्या तारांपासून जेमतेम बोटभर लांब. दादाने इंजिन हाताने वर धरलं आणि चटका बसून हात सोडला. मी विचारलं, आत गेलं असतं तर काय झालं असतं? तो म्हणाला, चाक जाम. आणि आपण? आपण पुढे गेलो असतो, तो म्हणाला, सायकलीशिवाय. असं म्हणून तो परत हसला, पण मला त्याचे कान दिसत होते आणि ते पांढरे पडले होते. परत येताना आम्ही सायकल ढकलत आणली. घरी काही सांगायचं नाही असं ठरलं.

पण बाबांना सांगावं लागलंच, नट आणायचा होता. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी डबल नट बसवले, मधे वॉशर घातला, चालवून बघितलं. चार दिवसांनी तोही ढिला. मग बाबा म्हणाले, इंजिनाची थरथर आहे, ती नटाला स्वस्थ बसू देत नाही. कितीही बसवा, ते सुटणारच. यावर औषध एकच, दर खेपेला निघण्याआधी आवळायचं.

तेव्हापासून ती पद्धत पडली. दादा सकाळी निघायचा त्याआधी बाबा गल्लीत उकिडवे बसायचे आणि रिंग पान्ह्याने एकेक नट आवळायचे. ठरलेल्या क्रमाने. आधी बिजागरीचे, मग इंजिनाचे, मग रोलरचा, मग चाकाचा. बाबा पहिल्या पाळीला असले की अंधारात उठून आवळून ठेवायचे आणि दादाला निक्षून सांगायचे, येताना तिकडे तूच आवळ. दादाच्या पिशवीत त्याचे स्वतःचे पान्हे असायचे. तो तिकडून निघताना आवळायचा. ते दोघं हे इतकं मन लावून करायचे की मला कधीकधी वाटायचं, गाडी बाजूलाच राहिली, यांना हे आवळणंच आवडतं. बाबा आणि दादा एरवी एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. या निमित्ताने बोलायचे.

आईची मात्र झोप गेली. तिला संध्याकाळी तो आवाज ऐकू येईपर्यंत चैन पडायची नाही. हायवेवरून आत वळला की तो फटफटाट लांबून यायचा, आणि मगच ती तव्यावर भाकरी टाकायची. उशीर झाला की तिचं सुरू व्हायचं. अजून कसो येऊक नाय, बघ गो बाहेर. मी चिडायचे. म्हणायचे, अगं येईल ना, कुठे जातोय मेला. पण माझंही लक्ष तिकडेच असायचं. एकदा हवालदाराने त्याला अडवलं, नंबरपाटी कुठे म्हणून. दादा म्हणाला, साहेब, सायकल आहे. हवालदार म्हणाला, मग धूर कशाचा येतोय? शेवटी हवालदारानेच एक चक्कर मारून बघितली आणि जा म्हणाला. हे ऐकून चाळ हसून लोळली. आई हसली नाही. ती म्हणाली, पोलिसाने घेऊन ठेवली असती तर मी त्याला नारळ दिला असता.

पावसाळा गेला. आश्विन लागला.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याचा आदला दिवस. आमच्या घरात गणपतीनंतर याच दिवसाला मान. आदल्या संध्याकाळी बाबांची सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची. नवमीला सकाळी पाट मांडायचा, त्यावर धुतलेलं फडकं, त्यावर हत्यारं ओळीने. पान्हे, कानशी, हातोडी, मायक्रोमीटर त्याच्या डबीसकट. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उतरेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना विसावा. आई तर विळीवरसुद्धा कुंकू लावायची आणि त्या दिवशी भाजी हाताने तोडायची. बाबांच्या वडिलांनी गिरणीत असताना एकदा नवमीला मशीन चालवलं होतं आणि त्यांचं बोट गेलं होतं, असं आमच्या घरात सांगायचे. खरं-खोटं देव जाणे.

त्या वर्षी हत्यारं मीच मांडली. आईचं अंग तापलं होतं. दादाची पिशवी उघडून त्याचे पान्हेही मीच काढले आणि बाबांच्या पान्ह्यांशेजारी ठेवले. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, प्रत्येकावर एक झेंडू. एकही मागे राहू नये म्हणून पिशवी उलटी करून झटकली होती. हे मला पक्कं आठवतं, कारण पुढे त्याला फार महत्त्व आलं.

बाबा दुपारीच घरी आले. कंपनीत त्या दिवशी मशीनची पूजा करून अर्ध्या दिवसात सोडायचे. जेवणं झाली. आणि दादा उठून सदरा घालायला लागला. त्याच्या वर्कशॉपची पूजा संध्याकाळी होती आणि शेठने त्याला मुद्दाम सांगितलं होतं, तुझी फटफटी घेऊन ये, लेथच्या शेजारी ठेवून तिचीही पूजा करू. दादाला त्याचं कोण कौतुक. मी म्हटलं, बसने जा ना रे एक दिवस. तो म्हणाला, पूजा काय बसची करायची आहे?

मग तो गल्लीत गेला, सायकल स्टँडवर लावली आणि नेहमीसारखा म्हणाला, बाबा, आवळून देता ना?

बाबा उठले. दोन पावलं पाटाकडे गेले. आणि थांबले. मी दारातच होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या ते खरंच लक्षात नव्हतं; रोजच्या सवयीने ते उठले होते. आई गोधडीतून म्हणाली, "आज हात लावचो नाय हां." बाबा म्हणाले, ठाऊक आहे गं.

ते रिकाम्या हातांनी गल्लीत गेले. उकिडवे बसले. आणि एकेक नट त्यांनी बोटांनी आवळला. ठरलेल्या क्रमाने. आधी बिजागरीचे, मग इंजिनाचे. चिमटीत धरून, दात आवळून, मानेची शीर फुगेपर्यंत. त्यांच्या बोटांत ताकद फार होती, बरणीची झाकणं चाळीतले लोक त्यांच्याकडून उघडून घ्यायचे. सगळं झाल्यावर त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "बोटाने घट्ट आहे. सावकाश जा. उद्या पूजा उतरली की नीट आवळू."

दादा बरं म्हणाला. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला, आत येऊन आईला केला. निघताना माझ्या डोक्यावर टपली मारली. मी त्याला काहीतरी वाईटसाईट बोलले, रोजच्यासारखंच. मग तो फटफटाट गल्लीतून निघाला, हायवेच्या बाजूला वळला आणि कमी कमी होत गेला. बाबा तिथेच बसून होते. आवाज पार बंद झाल्यावरही ते कान देऊन बसले होते. मी म्हटलं, बाबा, चहा टाकू? त्यांना ऐकूच आलं नाही.

सगळी दुपार ते असेच. पाटापाशी जायचे, बघायचे, परत यायचे. एकदा मला म्हणाले, तिथेसुद्धा सगळी हत्यारं पूजेतच असतील ना गं? मी म्हटलं, असणारच. ते परत पाटापाशी गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणजे तिकडून निघतानाही कुणी आवळणार नव्हतं. जातानाची थरथर आणि येतानाची थरथर, दोन्ही त्या बोटांनी आवळलेल्या नटांवर.

दिवेलागणीला आईने तापातच उठून दिवा लावला. फटफटाट आला नाही. आमच्या चाळीत त्या दिवशी सगळीकडे तोरणांसाठी झेंडू ओवत बसले होते, बाया हसत होत्या. मला त्या सगळ्यांचा संताप आला. मग टॅक्सीने एक माणूस आला, वर्कशॉपमधला, कपाळाला पूजेचा टिळा तसाच. तो दारात उभा राहिला आणि बाबांना म्हणाला, काका, जरा बाहेर येता का. बाबा चप्पल न घालताच बाहेर गेले. आई दिव्यापुढे जाऊन बसली.

परत येताना हायवेवर कांजूरच्या जवळ बिजागरीचा नट पडला होता. इंजिन तारांत घुसलं, चाक जाम झालं. दादा पुढे फेकला गेला आणि मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारले, म्हणून जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

हे मी आता एका दमात लिहिलं. तेव्हा ते आमच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी आलं आणि प्रत्येक तुकड्याला आई नव्याने रडली. दसऱ्याच्या दिवशी आम्ही सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात होतो. घरी पूजा उतरवायला कुणी नव्हतं. शेजारणीने फुलं काढून टाकली. वर्कशॉपच्या लोकांनी मोडकी सायकल हातगाडीवर घालून आमच्या गल्लीत आणून ठेवली, तिच्या हँडलला पूजेचा हार तसाच होता. बाबा तिच्याजवळ गेले. बिजागरीशी वाकून त्यांनी बोल्ट बघितला. बोल्ट शाबूत होता. आटेही शाबूत होते. फक्त नट नव्हता. त्यांनी त्या आट्यांवरून अंगठा फिरवला. मी बघत होते.

दादा शुद्धीवर आल्यावर बाबा भेटायला गेले तेव्हा आई आणि मीही होतो. बाबा कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले, मग तिथे काय नाही ते दिसलं म्हणून उशाशी आले. त्यांनी दादाच्या अंगावरची चादर सारखी केली. दादाच बोलला. म्हणाला, "बाबा, मी आवळलं होतं. निघताना माझा पान्हा होता ना पिशवीत, त्याने. तिकडे. बोल्टच तुटला, त्याला कोण काय करणार?"

बाबा "बरं" म्हणाले.

त्याचे सगळे पान्हे पाटावर होते. मी मांडले होते, पिशवी झटकली होती. आणि बोल्ट तुटला नव्हता. मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं. बाबांना माहीत आहे हे दादाला माहीत नव्हतं. बापाने जन्मभर स्वतःला खाऊ नये म्हणून तो पडल्या-पडल्या खोटं बोलला होता. माझा दादा असा होता. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

पण खोटं आईनेही ऐकलं होतं. नंतर हळूहळू तिला त्यात आधार सापडला. पोराचा पाय का गेला याचं उत्तर तिला हवं होतं आणि ते तिला मिळालं. नवमीच्या दिवशी त्याने हत्याराला हात लावला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायला लागली. गावाहून आलेल्या चुलत्यांना, चाळीतल्या बायांना, भाजीवालीला. "तेणा हत्याराक हात लावल्यान, म्हणान ह्या झाला." दादासमोर सांगायची. रडून, प्रेमाने, त्याचं डोकं कुरवाळत सांगायची, आणि तो खाली मान घालून हसायचा. लोक त्याच्याकडे बघून चुकचुकायचे. आजकालची पोरं, मानत नाहीत.

माझं डोकं फिरायचं. एकदा मी त्याला गल्लीत गाठलं आणि म्हटलं, मी आज आईला सांगणार. तो म्हणाला, काय सांगशील? बाबांनी आवळलं नाही म्हणून? त्यांना अजून मशीनवर उभं राहायचंय. हात थरथरला तर त्यांचं बोट जाईल. आणि आईला धरायला काहीतरी हवं, धरू दे. मी म्हटलं, आणि तू? तो म्हणाला, मला काय, मला आता कोण तपासणार आहे? कंपनीच्या डॉक्टरचा विषय आमच्या घरात तेवढ्यावरच संपला. बाबांच्या जागी पुढे दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा लागला.

बाबा ते वर्षभर कामावर गेले. घरात मात्र त्यांनी पान्हा उचलला नाही. नळ गळत राहिला, मोरीच्या दाराचा कडीकोयंडा निखळला तो सुतळीने बांधून ठेवला. आई आलेल्या-गेलेल्याला तेच सांगायला लागली की ते उठून बाहेर जायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की मी त्यांच्याशी नीट बोलणंच सोडलं. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. एकच. आणि पोराच्या माथ्यावरचा तो ठपका उतरला असता. रोज वाटायचं, आज बोलतील. आणि रोज ते जेवून, हात धुऊन, भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

पुन्हा नवमी आली. मला वाटलं होतं यंदा पाट मांडणार नाहीत. पण आईने मांडला. उलट तिचा हट्ट वाढला होता. हत्यारं धुतली, पुसली, कुंकू लावलं. लालबागची मामी आली होती. दादा दाराशी खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून. त्यातल्या एकीचा नट ढिला होता, चालताना ती खुळखुळ वाजायची. आई फुलं वाहता वाहता मामीला सांगायला लागली. वैनी, मेल्याक किती सांगललंय, नवमीक हात लावू नको म्हणान. तेणा लावल्यान.

बाबा कोपऱ्यात बसले होते. ते उठले. मला वाटलं, निघाले बाहेर. पण ते पाटापाशी आले.

"तेणा हात लावूक नाय," ते म्हणाले. "मी लावूक नाय. म्हणान झाला."

आईचा फुलाचा हात तसाच राहिला. मामी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. दादा घाईघाईने म्हणाला, बाबा, राहू द्या ना. बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. त्यांनी सांगितलं, सगळं सांगितलं. दादाचे पान्हे त्या दिवशी इथेच होते, बोल्ट धड होता, नट मी बोटांनी आवळला होता आणि बोटांनी आवळून तो राहत नाही हे मला माहीत होतं. आवाज चढला नाही की कापला नाही. मग ते खाली वाकले आणि पाटावरचा रिंग पान्हा उचलला. त्याच्यावरचा झेंडू घरंगळून खाली पडला. कुंकू त्यांनी अंगठ्याने पुसलं.

ते दादाच्या समोर उकिडवे बसले, खुळखुळणारी कुबडी मांडीवर आडवी घेतली आणि तिचा नट आवळायला लागले. दादा रडत होता. मीही रडत होते. आई तशीच पाटापुढे बसून होती. मी तिच्याकडे बघतही नव्हते, मला भीती वाटत होती ती आता काय बोलेल याची. बाबांनी नट आवळला, कुबडी हलवून बघितली, आवाज आला नाही. ते ती भिंतीला टेकवायला उठले तेव्हा आई म्हणाली,

"दुसऱ्येचो पण बघा."

बाबा परत खाली बसले.